बोरखडीची बाग

सरांच्या वर्गात शिरताना दाराशीच खोडरबर काढून द्यावं लागे. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं. दाराजवळच्या कोनाड्यात बिस्किटांचा एक गंजका डबा होता. त्यात रबर टाकायचं आणि मग आत जायचं. नकाशावर चुकीची रेघ पडली तर ती तशीच राहू द्यायची आणि शेजारी बरोबरची काढायची. "जमिनीवर रबर चालत नाही," एवढंच कारण ते सांगत, आणि तेही पहिल्या दिवशी एकदाच. माझ्या पहिल्या नकाशात चुकीच्या रेघांची इतकी गर्दी झाली की बरोबरची कुठली ते मलाच कळेना. वाईहून आलेला एक सोबती होता, त्याला आम्ही वाईकरच म्हणत असू. तो टोपीच्या घडीत रबराचा तुकडा लपवून आणायचा. एकदा उकाड्यानं त्यानं टोपी काढली आणि तुकडा टेबलावर पडला. सर रागावले नाहीत. त्यांनी तुकडा उचलला, टोपीही उचलली, दोन्ही डब्यात घातलं आणि झाकण लावलं. वाईकर सबंध सहामाही बोडक्या डोक्यानं वर्गात बसला.

ही दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सांगलीपासून आठ-दहा मैलांवर एक चिमुकलं संस्थान होतं. नाव सांगत नाही, आणि सांगितलं तरी आता कुणाला आठवायचं नाही. तिथले राजेसाहेब तरुणपणी विलायतेला गेले होते आणि तिथल्या बागा बघून भारून आले होते. आपल्या संस्थानात बागरचना आणि गावआखणी शिकवणारा वर्ग हवा, तोही पदवीधरांसाठी, असं त्यांनी मनावर घेतलं. घोडी विकून टाकल्यामुळे पागा रिकामीच होती, तिथं वर्ग भरू लागला. मी साताऱ्याचा, बी.एस्‌सी. झालेला आणि कुठंच डाळ न शिजल्यामुळे इथं आलेला. माझे काका सगळ्या पेठेला सांगत, आमचा मुलगा माळी होण्यासाठी आधी बी.एस्‌सी. झाला. वर्गात आम्ही सगळे मिळून पाच जण होतो आणि पाचांनाही शिकवणारे एकटे सर.

उंच, सडपातळ, खांदे जरा पुढं झुकलेले. धोतरावर गळाबंद कोट, हातात बारमाही छत्री. जागा बघायला निघाले की गावाबाहेर पडताच ते चपला काढत आणि काखेत धरत. उन्हाळ्यात मुरुमाच्या माळावर आमचे पाय भाजत आणि ते मात्र अनवाणी सरळ चालत. जमीन तळव्यांनी वाचावी लागते, असं त्यांचं म्हणणं. थोडं चालून थांबत आणि म्हणत, "काळी. दीड हात. खाली मुरूम." आम्ही पहारीनं खणून बघायचो. बहुतेक वेळा ते बरोबर निघे. चुकलं तर त्या दिवशी ते कुणाशी एक शब्द बोलत नसत, जेवतही नसत. स्वतःच्या चुकीचं त्यांना एवढं लागत असे, हे मी तेव्हा पाहिलं होतं. पुढं ते मला आठवायला हवं होतं.

आमचे नकाशे ते कधी नुसते डोळ्यांनी बघत नसत. नकाशाकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत आणि ज्याचा नकाशा असेल त्यानं त्यांना त्या बागेतून फिरवून आणायचं. "मी फाटकातून आत आलो. आता?" डावीकडे वळा, सर. "ऊन कुठं आहे?" डोक्यावर, सर. "मग मी डावीकडे कशाला जाईन? तिथं सावली नाही. मी परत जातो." आणि ते खरोखरच दारातून बाहेर जात. त्या दिवसाचा वर्ग तिथंच संपे. माझ्या पहिल्या तीन बागांतून ते असे परत गेले. चौथ्या बागेत ते एका बाकापर्यंत आले तेव्हा मला कोण आनंद झाला. तर ते म्हणाले, या बाकावर कोण बसणार? मी म्हटलं, लोक. "लोक बसत नाहीत. माणूस बसतं. कोण?" मी गडबडलो आणि म्हणालो, एक म्हातारी बसेल. कुणाची कोण? गुडघे दुखतात का? घरी सून कशी आहे? बाकावरून तिला काय दिसतं? मी उत्तरं देत गेलो आणि हळूहळू ती म्हातारी मला दिसायला लागली. संध्याकाळी पागेतून बाहेर पडलो तेव्हा तिच्या गुडघ्यांची मला खरीच काळजी वाटत होती.

चैत्रातल्या उन्हात त्यांनी आम्हाला झाडं केलं होतं, ते तर संस्थानभर झालं. वाईकरानं एका आखणीत लिंबाची रांग बाकाच्या पूर्वेला काढली होती. सरांनी पागेपुढच्या मैदानात चुन्यानं ती आखणी काढली आणि आम्हा पाचांना झाडांच्या जागी उभं केलं. दोन प्रहरी बारा ते तीन. स्वतः छत्री मिटून बाकाच्या जागी बसले. तीन तासांनी एवढंच म्हणाले, की एकाही झाडाची सावली बाकावर आली नाही. त्या उन्हानं वाईकराला ताप भरला. गावातले लोक कुंपणाशी उभे राहून बघत होते, त्यातला एक जण म्हणाला, "ह्यो मास्तर बी येडा आनि ही शिकल्याली प्वारं बी येडी." सरांनी ते ऐकलं असावं. त्यांनी वळून त्याला विचारलं, तुम्ही इथून रोज जाता का, कुठल्या बाजूनं जाता? तो माणूस मुंडासं सावरत चालता झाला.

कारण सरांच्या शिकवण्याचा कणा म्हणजे पाऊलवाटा. कुठल्याही जागेवर आखणी करायची तर पहिला महिना पेन्सिल धरायची नाही. फक्त वाटा बघायच्या. कोण कुठून येतं, कुठं वळतं, कुठं टेकतं. तेवढ्याच नकाशात काढायच्या. जागेवर कानावर पडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहायचा, मग तो शिवी का असेना. गावकऱ्यांना विचारा, पण त्यांच्यावर विसंबू नका, असं ते सांगत. "माणसं तोंडानं खोटं बोलतील. भीतीनं बोलतील, भिडेनं बोलतील. पाय खोटं बोलत नाहीत." वाईच्या घाटावर त्यांनी आम्हाला दोन दिवस बसवून ठेवलं होतं. बायका पाण्याला उतरताना कुठल्या पायरीवर थांबतात ते बघायला. भरली घागर घेतलेली बाई कधी उगाच चार पावलं जास्त टाकत नाही, हे तिथं आम्हाला शिकवलं. वाटेत काटा असेल तर ती वळसा घालत नाही, काटा बाजूला करते. वाट वळली असेल तर तिथं काहीतरी आहे. ते काय, हे कळल्याशिवाय पुढची रेघ काढायची नाही.

असा हा माणूस पागेच्या मागच्या खोलीत एकटा राहत असे. बायको होती आणि ती लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली, एवढंच गावात माहीत होतं. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि एक मोठं लाकडी कपाट. त्या कपाटात आधीच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांचे नकाशे गुंडाळून ठेवले होते. चावड्यांची आवारं, बाजारतळ, पाणवठे, शाळांची मैदानं. सहा वर्षांत त्यातली एकही रेघ जमिनीवर उतरली नव्हती. राजेसाहेब दरवर्षी नकाशे बघून वाहवा करत आणि दिवाणसाहेब ते तसेच परत पाठवत. एकदा मी काही विचारायला गेलो तेव्हा सर कपाट उघडून नुसते उभे होते. वाळवी लागली होती. मला म्हणाले, "कागदावर झाडं वाढत नाहीत रे." मी कपाटातली धूळ झाडायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं.

लढाई संपली त्या हिवाळ्यात राजेसाहेबांनी ठरवलं, की पडलेल्या शिपायांच्या नावानं बोरखडीला बाग करायची. बोरखडी हे संस्थानातलं कृष्णाकाठचं गाव. घरटी एक माणूस फौजेत. लढाईत त्या एका गावची दहा-अकरा माणसं गेली होती. कुणी ब्रह्मदेशात, कुणी इटलीत, आणि बऱ्याच जणांचं कुठं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. गावाबाहेर नदीकडच्या अंगाला दोन एकर पडीक जागा होती, तिथं बाग आणि नावांचा दगड. काम आमच्या वर्गाला दिलं. दिवाणसाहेबांनी मात्र सरांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, की ही बाग उभी राहिली तर वर्ग पुढं चालेल, नाहीतर जूनपासून पागेत धान्य भरायचं आहे. सरांनी हे आम्हाला सांगताना आवाज चढवला नाही. फक्त त्या दिवशी त्यांनी वर्गात कुणाच्या बागेतून फेरफटका मारला नाही.

पाच आखण्या झाल्या आणि माझी निवडली गेली. हे लिहिताना अजूनही बोट जरा थांबतं. माझ्या आखणीत कारंजं नव्हतं, पुतळा नव्हता. पूर्वेचा कोपरा सखल होता, तिथं एक उथळ तळं खणायचं, तिन्ही बाजूंनी पायऱ्या करायच्या, म्हणजे घरच्यांना येऊन पाण्याशी बसता येईल. आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड, तेही त्याच्या घरच्यांना विचारून. मी घरोघर फिरलो होतो. पेन्शनीत निघालेल्या एका हवालदाराची बायको होती तानूबाई. तिचा थोरला मुलगा ब्रह्मदेशात गेला होता. तिला विचारलं तर म्हणाली, आंबा लावा, त्याला आंबा लय आवडायचा. मी ते वहीत लिहून घेतलं. सरांनी माझी आखणी डोळे मिटून ऐकली, तळ्याच्या पायरीपर्यंत आले आणि परत गेले नाहीत. उभे राहिले. मग म्हणाले, "इथं माणसं बसतील." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकली नव्हती.

आता ते सांगायला हवं. वाटांची पाहणी मीच केली होती. गावातून नदीकडे तीन पाऊलवाटा जात होत्या. तिन्ही सरळ येत आणि पूर्वेच्या कोपऱ्याशी आल्या की तिन्ही वळत. दहा-पंधरा पावलांचा वळसा घालून पुन्हा सरळ होत. कोपऱ्यात एक जुनी बाभळ होती. तिच्याखाली दगडांचे लहान लहान ढीग होते आणि त्यांवर वाळलेल्या काट्याकुट्या. पाटलाला विचारलं, तर तो दुसरीकडे बघत म्हणाला, तिथं काय न्हाई, मोकळंच हाय. मी मोजणीची साखळी घेऊन कोपऱ्यात शिरलो तेव्हा एक म्हातारा म्हशी घेऊन नदीवरून परत येत होता. तो वाटेवरच थांबला.

"तिकडं नगं जाऊस, बाबा."

"का हो?"

"काय न्हाई. नगं म्हनलं."

एवढं बोलून तो गेला. मी हे वहीत लिहिलं नाही.

मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. माझी धाकटी बहीण पाच महिन्यांची असताना गेली, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वडील आणि काका तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर दगड आणि काटे ठेवतात. मागं वळून बघायचं नाही, पुन्हा तिथं जायचं नाही आणि त्या जागेचं नावही घरात काढायचं नाही. आई कधी तिथं गेली नाही. हे सगळं मला माहीत होतं. त्या ढिगांशी उभा असताना अर्धं मनात आलंही. उरलेलं अर्धं मी येऊ दिलं नाही. सखल कोपरा तेवढा एकच होता, आणि तळ्याशिवाय माझी आखणी म्हणजे वाईकराच्या लिंबांची रांग.

सरांनी माझा नकाशा पागेच्या जमिनीवर पसरला आणि नेहमीप्रमाणे छत्रीच्या टोकानं एकेका वाटेवरून फिरत गेले. कोपऱ्याशी टोक थांबलं. ही वाट इथं का वळली, असं त्यांनी विचारलं.

"बाभळीचे काटे आहेत, सर."

"तिन्ही वाटा?"

"हो, सर."

"वहीत काही?"

मी म्हटलं, काही नाही. ते बराच वेळ वाकून उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त छत्रीची मूठ धरलेला हात दिसत होता. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, ठीक आहे, शाई फिरव.

शिमगा झाल्यावर काम सुरू झालं. त्या दिवसांत सरांइतका खूश माणूस मी पाहिला नाही. रोज दाढी करत, वर्गात येताना काहीतरी गुणगुणत. चुन्याची फक्की मारून तळ्याची रेघ जमिनीवर उमटली, तेव्हा ते तिच्यावरून अनवाणी एक फेरी चालून आले आणि तळवे पांढरे झाले ते आम्हाला दाखवत सुटले. पहिल्या दिवशी बाभळ तोडली, खालचे दगड आणि काटे उचलून बाजूला टाकले. मिरजेकडचा बाबालाल गवंडी पायऱ्यांच्या कामाला होता आणि खणायला वडार होते. गावातलं कुणी कामाकडे फिरकत नसे. आम्हाला वाटलं, सुगीचे दिवस आहेत, माणसं शेतात असतील.

तिसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला, पहारींचा आवाज एकदम बंद झाला. वडार खड्ड्यातून वर येऊन लांब जाऊन बसले. बाबालाल आमच्याकडे आला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला होता.

"सायेब, खाली उतरू नगा. हाडं लागल्यात."

जनावराची असतील, सर म्हणाले.

"न्हाई जी. लय न्हान हायती." त्यानं रुमाल उघडला. आत काळ्या मण्यांची एक मनगटी होती. तान्ह्या मुलांच्या हातात घालतात ती. दोरा कुजून गेला होता आणि मणी मातीसकट तसेच गोल राहिले होते.

कुणी सांगितलं कोण जाणे, तासाभरात सगळं गाव रस्त्यावर येऊन उभं राहिलं. जागेत कुणी पाऊल टाकलं नाही. रडणं नाही, शिव्या नाहीत. सर पाटलाकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही आधी का सांगितलं नाही? पाटील जमिनीकडे बघत बोलला. "हितं काय हाय म्हून तुमी इचारलंत. त्ये कोन तोंडानं सांगल, सायेब? नाव घेत न्हाईत आमच्यात. आमाला वाटलं, तुमाला दिसंल." सरांना दिसायलाच हवं होतं. ते शिकवतच होते ते.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून तानूबाई निघाली आणि जागेत आली. तिचा नवरा मागून, "आगं, थांब," म्हणाला, पण तो स्वतः पुढं आला नाही. ती खड्ड्याच्या काठावर येऊन थांबली. इकडे तिकडे बघितलं. मग तिनं कुणा एकाला नाही, सगळ्यांनाच विचारलं.

"बाभळ कुठं हाय?"

बाबालाल रुमालाची गाठ मारत होता.

"बाभळीच्या उजव्या अंगाला, चार पावलांवर. त्येनी मला सांगितलं हुतं. बाभळ कुठं हुती तेवढं दावा."

बाबालालनं बोट दाखवलं. तिथं खड्डा होता. बुंधाही खणून काढला होता, आणि माती चारी बाजूंना टाकली होती. कुठली माती कुठली, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. तानूबाई त्या मातीच्या ढिगांकडे एकेक करून बघत राहिली.

"थोरला कुठं पडला त्ये सरकारला बी ठावं न्हाई," ती म्हणाली. "ह्यो तरी हितं हाय म्हून शेताला जाताना रस्त्यावरनं बघत हुते. आता कुठं बघू?"

सर मातीत खाली बसले. ते कोसळले असं वाटून मी धावलो, तर त्यांनी हातानं मला लांब ठेवलं. तानूबाईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवरा आला, तिचा दंड धरून घेऊन गेला. मी त्या बाईच्या घरी जाऊन कुठलं झाड लावू असं विचारून आलो होतो. दोन मुलांपैकी एकाचंच झाड मी वहीत घेतलं होतं. हे कळत होतं, आणि तरीही त्या क्षणी मनात एक विचार येऊन गेला, की आता ही वही कुणी मागेल का? माणूस किती हलका असतो ते मला त्या दिवशी कळलं.

खड्डा बुजवायला चार दिवस लागले. सर चारही दिवस तिथंच उभे होते. सापडलं ते बाबालालनं एका नव्या कापडात बांधून मधोमध ठेवलं आणि वरून माती लोटली. पुन्हा दगड रचावेत का, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, कुठं रचणार?

मग दिवाणसाहेब पागेत आले. नकाशा टेबलावर पसरला. पाहणी कुणी केली, वाटा कुणी तपासल्या, असं त्यांनी विचारलं. आम्ही पाच जण भिंतीशी उभे होतो. सर म्हणाले, "पाहणी वर्गाची. वाटा मी तपासल्या. खाली सही माझी आहे." दिवाणसाहेबांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मी माझ्या नखांत अडकलेली शाई बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. म्हातारा भेटला होता, मी लिहिलं नाही, एवढंच. ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. दिवाणसाहेब गेले. जूनमध्ये पागेत ज्वारीची पोती आली.

मला प्रमाणपत्र मिळालं, पहिल्या क्रमांकाचं. सरांनीच सही केली होती. त्या कागदावर मला साताऱ्याला सरकारी नोकरी लागली आणि मी कचेऱ्यांची आवारं, दवाखान्यांची कुंपणं आखू लागलो. काका म्हणाले, माळी तर माळी, पण सरकारी. संस्थान विलीन झालं. सरांचा पत्ता कुणाला माहीत नव्हता.

तीन वर्षांनी वाईकर साताऱ्यात भेटला तेव्हा म्हणाला, अरे, सर आमच्या वाईतच आहेत. घाटाजवळच्या गल्लीत एक खोली घेऊन राहतात, लोकांच्या घरांचे नकाशे ट्रेस करून देतात. नगरपालिकेत परवानगीसाठी लागतात ते. पुढच्याच रविवारी मी मोटारीनं वाईला गेलो. मोटारीत सगळा वेळ मी ते वाक्य घोकत होतो.

दुपार होती. खोलीत एक फळी मांडीवर घेऊन सर कुणाच्या तरी माडीच्या जिन्यावर शाई फिरवत होते. केस पार पांढरे झाले होते. मला ओळखलं. चहा टाकला. काय करतोस, कुठं असतोस, ते विचारलं आणि माझ्या उत्तरांवर मान हलवत राहिले. मग थोडं थांबून विचारलं, बोरखडीला कधी गेला होतास का? गेलो होतो. मागच्या वर्षी कामानिमित्त तिकडून जाणं झालं होतं. जागा तशीच पडलेली होती. तानूबाई आता त्या रस्त्यानं शेताला जात नाही, असं गावात कुणी तरी सांगितलं होतं. गावाला वळसा घालून वरच्या अंगानं जाते, अर्धा मैल लांब पडतं. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

मग मी ते बोललो. सर, त्या कोपऱ्याशी वाटा काट्यांमुळे वळल्या नव्हत्या. मला एक म्हातारा भेटला होता, तिकडं जाऊ नकोस म्हणाला होता. मी वहीत लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. तळ्यासाठी. एवढं बोलून मी थांबलो. पाया पडावं असं मनात होतं, पण ते हलले नाहीत, म्हणून मीही हललो नाही.

"म्हाताऱ्याचं मला माहीत नव्हतं," सर म्हणाले. "तू खोटं बोललास ते माहीत होतं."

मला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"भरली घागर घेतलेली बाई काट्यासाठी पंधरा पावलांचा वळसा घालेल होय? तुम्हाला मीच शिकवलं होतं ना ते, इथंच, या घाटावर. आणि तीन वाटा. तीन." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "मी त्या दिवशी जागेवर जायला हवं होतं. अनवाणी चार पावलं टाकली असती तरी कळलं असतं. मी गेलो नाही. पुढं चुन्याच्या रेघेवरून चाललो, तेव्हा जमीन वाचलीच नाही."

मी विचारलं, का, सर?

"सहा वर्षांत एक झाड लागलं नव्हतं," ते म्हणाले. "मला बाग हवी होती."

चहा निवला होता, तो आम्ही दोघांनी तसाच प्यायला. दाराशी आल्यावर त्यांनी मला जिना जपून उतर म्हटलं, आणि पुन्हा फळी मांडीवर घेतली. घाटावर बायका धुणं धूत होत्या. मी पायऱ्यांवर बसून राहिलो आणि साताऱ्याची मोटार चुकली.

मी माफी मागायला गेलो होतो. तीन वर्षं मी समजत होतो, की माझा अपराध सरांनी आपल्या डोक्यावर घेतला. तसं नव्हतं. दिवाणसाहेबांपुढं त्यांनी घेतला तो त्यांचा स्वतःचा होता. माझा कुणीच घेतला नव्हता.